कोल्मारहून एका दिवसात: आधी व्होजचा घाट, मग द्राक्षमळे

प्रश्न थोडक्यात असा: ऑक्टोबरच्या उत्तरार्धात कामानिमित्त पूर्व फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गला मुक्काम आहे, हाताशी एकच मोकळा दिवस आहे, रोड सायकल भाड्याने मिळते आहे. सपाटीवर ऐंशी-शंभर किलोमीटर जमतात, मोठे घाट फारसे चढलेले नाहीत. एवढ्यात व्होज पर्वत आणि आल्सासचा वाइनचा मुलूख दोन्ही पाहून होतील का, आणि सुरुवात कुठून करावी?

दोन्ही होतील. फक्त डोंगर आधी आणि द्राक्षमळे नंतर, हा क्रम बदलू नका. या सहलीत मी कुठल्या एका गोष्टीचा आग्रह धरत असेन तर याच. पुष्कळ जण उलट करतात. सकाळी नकाशातली सुंदर गावं बघत रमतात, घाटाला दुपारी दोननंतर हात घालतात आणि अंधार पडता पडता गारठलेल्या बोटांनी ब्रेक दाबत खाली उतरतात.

यामागचं कारण डोंगराच्या तोंडात आहे. व्होजची आल्सासकडची बाजू पूर्वेला तोंड करून उभी आहे. सकाळचं ऊन थेट खोऱ्यात शिरतं. दुपार कलली की सूर्य माथ्यामागे जातो आणि घाटाचा वरचा भाग सूर्यास्ताच्या बराच आधी सावलीत बुडतो. २० ऑक्टोबरच्या आसपास तिथे सूर्य सकाळी आठच्या सुमाराला उगवतो आणि साडेसहाच्या सुमाराला मावळतो. म्हणजे साडेदहा तास उजेड असतो, पण त्यातले घाटाला ऊब देणारे तास फार तर सहा. महिन्याच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात, त्यानंतर तर सव्वापाचलाच सूर्यास्त. तुमचा मोकळा दिवस त्या रविवारच्या अलीकडे आहे की पलीकडे, हे आधी पाहून घ्या.

माझ्या पसंतीचा मार्ग असा: कोल्मार, टुर्कहाइम, मुन्स्टर, श्लुख्त खिंड, तिथून माथ्यावरच्या रस्त्याने उत्तरेला काल्व्हेर खिंड, मग लाक ब्लाँ तळ्यावरून ऑर्बेला उतार, काइझर्सबर्ग, रिक्वीर आणि परत कोल्मार. अंतर सुमारे ९० किलोमीटर, एकूण चढ १,३०० मीटरच्या आसपास. सपाटीवर शंभर किलोमीटर जमणाऱ्या माणसाला हे झेपतं, पण सपाटीच्या वेगाचा हिशोब इथे लावू नका. थांबे धरून आठ तास हाताशी ठेवा.

स्ट्रासबुर्गहून कोल्मारला रेल्वेने अर्ध्या तासाच्या आसपास लागतो. प्रादेशिक टीईआर गाड्यांत सायकल नेता येते, जागा मात्र थोडी असते, त्यामुळे ऑफिसला जाणाऱ्यांच्या गर्दीची गाडी टाळा. सायकल कोल्मारमध्येच भाड्याने मिळाली तर सगळ्यात उत्तम. घेताना दोन गोष्टी नक्की विचारा. पहिली गिअरची: पुढच्या दोन चकत्या ५०-३४ दातांच्या आणि मागे निदान ३२ दातांपर्यंतची कॅसेट, म्हणजे मागच्या चकत्यांचा संच, हवी. मागे २५ किंवा २८ असलेली सायकल दाखवली तर ती कितीही हलकी असो, नको म्हणा. दुसरी टायरची: २८ मिमी रुंद टायर असले तर उत्तम. ते ओल्या पानांवर आणि गावांतल्या दगडी फरसबंदीवर उपयोगी पडतात. ब्रेक दुकानाबाहेर दोन फेऱ्या मारून स्वतः तपासा. दिवे बहुतेक वेळा सायकलबरोबर येत नाहीत, ते वेगळे मागा. फ्रान्समध्ये अंधारात आणि अपुऱ्या दृश्यमानतेत पुढे पांढरा व मागे लाल दिवा सक्तीचा आहे, आणि अशा वेळी गावाबाहेर चमकणारं जाकीटही घालावं लागतं. धुकं हीसुद्धा अपुरी दृश्यमानताच, आणि ऑक्टोबरमध्ये ऱ्हाइनच्या सपाटीवर सकाळी धुकं असणं नेहमीचं आहे. घंटी लागते. कानात इअरफोन घालून सायकल चालवायला तिथे बंदी आहे.

त्या धुक्याची धास्ती मात्र घेऊ नका. शरद ऋतूत वारा पडलेला असला की थंड, जड हवा सपाटीत साचून राहते आणि वर ऊबदार हवेचं झाकण बसतं. कोल्मारच्या चौकात पन्नास मीटरपलीकडचं दिसत नसताना श्लुख्तला लख्ख ऊन असू शकतं. अशा दिवशी माथ्यावरून खाली ढगांचा समुद्र दिसतो आणि हवा स्वच्छ असली तर दक्षिणेला थेट आल्प्सची रांग. म्हणून सकाळी खिडकीबाहेर राखाडी दिसलं एवढ्यावरून बेत रद्द करू नका. माथ्यावरच्या वेबकॅमचं चित्र पाहा आणि मग ठरवा. ज्या दिवशी पश्चिमेकडून पाऊस येत असेल त्या दिवसाची गोष्ट वेगळी, त्याबद्दल पुढे लिहितो.

साडेआठच्या सुमाराला निघा. टुर्कहाइमपर्यंत सहा-सात किलोमीटर सपाट आहे. तिथून मुन्स्टरकडे जाताना डी ४१७ या हमरस्त्याला लागू नका. खोऱ्याच्या उत्तर बाजूने डी १० हा लहान रस्ता जातो, तो धरा. डाव्या हाताला फेश्ट नदी, उजवीकडे द्राक्षमळे, आणि थोड्याच वेळात मळे संपून कुरणं सुरू होतात. वाटेत गुन्सबाख लागतं. आफ्रिकेत रुग्णालय चालवणारे डॉक्टर आल्बर्ट श्वाइत्झर या गावात वाढले; वडील इथे पाद्री होते. श्वाइत्झरांचा जन्म १८७५ साली काइझर्सबर्गला झाला, म्हणजे दिवसभरात तुम्ही त्यांच्या बालपणाच्या गावाकडून जन्मगावाकडे जाता, मध्ये एक डोंगर ओलांडून.

मुन्स्टरमध्ये दोन्ही बाटल्या काठोकाठ भरा आणि बेकरीतून खिशात मावेल असं काहीतरी घ्या. यानंतर खिंडीपर्यंत पाण्याची खात्री धरू नका.

आता घाट. मुन्स्टरहून श्लुख्त १७ किलोमीटर. सुमारे ३८० मीटरवरून १,१३९ मीटरवर जायचं, म्हणजे सरासरी साडेचार टक्के. अंगावर येणारा चढ कुठेच नाही. हा जुना वाहतुकीचा रस्ता आहे, त्याची वळणं रुंद आणि चढ सारखा आहे. नवख्याला घाट शिकायला याहून चांगला रस्ता या भागात नाही. चढाची ओळख नसलेला माणूस सहसा पहिल्या तीन किलोमीटरमध्येच चुकतो. पाय ताजे असतात, चढ सौम्य वाटतो, आणि तो सपाटीच्या जोराने सुटतो. तुम्ही पहिली वीस मिनिटं मुद्दाम हळू जा. शेजारच्याशी पूर्ण वाक्यं बोलता आली पाहिजेत, एवढाच वेग ठेवा. सोपा गिअर लवकर घ्या, पाय मिनिटाला सत्तर-ऐंशीच्या लयीत फिरत राहू द्या. उभं राहून पेडल मारायचं ते पाठ मोकळी करण्यापुरतं. भूक लागायची वाट पाहू नका. दर अर्ध्या तासाला काहीतरी तोंडात टाका. दीड-पावणेदोन तास लागले तरी बिघडत नाही.

चढताना अंगातला वरचा थर काढून ठेवा, जर्सीची चेन उघडा. घामाने भिजणं हा त्या दिवशीचा खरा धोका आहे, कारण तो घाम वरच्या वाऱ्यात बर्फासारखा लागतो. म्हणून माझ्या मागच्या खिशात एक कोरडी आतली बनियन कायम असते. खिंडीत पोचल्यावर आडोसा पाहून ती बदलायची, वर विंडचीटर, हातांवर सुट्या बाह्या चढवायच्या, पूर्ण बोटांचे हातमोजे. या पाच मिनिटांनी पुढचे दोन तास सुखाचे जातात. विंडचीटर विसरलात तर जर्सीच्या आत छातीवर वर्तमानपत्र घाला. शर्यतीत धावणारे पूर्वीपासून हेच करत आले आहेत.

श्लुख्तला थोडं थांबून आजूबाजूला पाहा. १८७१ ते १९१८ या काळात फ्रान्स आणि जर्मनीची सरहद्द याच माथ्यावरून जात होती. पहिल्या महायुद्धात फ्रेंच सैन्याला रसद पोचवायला माथ्यालगत रस्ता हवा होता, पण तो पूर्वेच्या जर्मन तोफांना दिसता कामा नये. म्हणून तो माथ्याच्या पश्चिम अंगाने, झाडीच्या आडून काढला. तोच आजचा ‘रूट दे क्रेत’, माथ्यावरचा रस्ता. हा इतिहास माहीत नसला की सायकलस्वार हिरमुसतात: एवढं वर आलो आणि आल्सासची सपाटी दिसतच नाही! ती पाहायची तर वाटेत गाझों द्यू फँ जवळ सायकल लावून पायवाटेने कड्यापर्यंत जावं लागतं. तिथे दलदलीची राखीव जमीन आहे, त्यामुळे आखलेल्या वाटेबाहेर पाऊल टाकू नका. बुटांना क्लीट (पेडलमध्ये अडकणारे तळाचे खटके) असतील तर ही पायपीट त्रासाची होते; चालायला बरे पडणारे माउंटन बाइकचे बूट घातले असतील तर मात्र जाच.

श्लुख्त ते काल्व्हेर हे सुमारे अकरा किलोमीटर मला या सगळ्या फेरीत सर्वांत प्रिय आहेत. मोठा चढ संपलेला असतो, लहान चढउतार राहतात. बीचची झाडं इथे वाऱ्याने खुजी, पिळवटलेली झाली आहेत आणि ऑक्टोबरच्या मध्याला त्यांची पानं तांब्याच्या रंगाची होतात. मधूनमधून उघडी कुरणं लागतात, त्यांना तिथे ‘शोम’ म्हणतात. उन्हाळाभर तिथे चरणारी गुरं आता खाली गेलेली असतात आणि गवत पिंगट झालेलं असतं. आठवड्याच्या मधल्या दिवशी या रस्त्यावर गाडी क्वचित दिसते. उन्हाच्या रविवारी मात्र मोटरसायकलींचे तांडे येतात, म्हणून दिवस निवडता येत असेल तर मंगळवार-गुरुवार घ्या. पहिला मोठा बर्फ पडला की या रस्त्याचे काही भाग वसंत ऋतूपर्यंत बंद होतात. ऑक्टोबरमध्ये ही वेळ सहसा येत नाही, तरी निघण्याआधी रस्त्याची स्थिती पाहा.

इथे एक मोह टाळायला सांगतो. टूर द फ्रान्सचा व्होजशी फार जुना संबंध आहे. १९०५ साली शर्यत या पर्वताच्या दक्षिण टोकाला बालों दाल्सासवर चढली होती. २०२३ मध्ये शेवटून दुसरा टप्पा पती बालों आणि प्लात्झरवाझेल ओलांडून मार्कस्टाइनला संपला. हे चढ मुन्स्टरच्या जवळच आहेत, आणि नावं ऐकली की तिकडे वळावंसं वाटतं. पण शर्यतीच्या बाजूने पती बालों सव्वानऊ किलोमीटर आठ टक्क्यांनी चढतो, रस्ता अरुंद आहे, आणि प्लात्झरवाझेलही त्याच तोलाचा. ते वेगळ्या दिवसासाठी, वेगळ्या तयारीने करायचे चढ आहेत. त्यात गुंतलात तर द्राक्षमळे राहून जातील.

काल्व्हेर खिंड १,१४४ मीटरवर. तिथून पूर्वेला वळलं की लगेच लाक ब्लाँ. हिमनदीने कोरलेलं हे तळं ७० मीटरहून खोल आहे, मागे ग्रॅनाइटचे उभे कडे. फोटो काढा, पण अंग गार होऊ देऊ नका, कारण पुढे ऑर्बेपर्यंत सुमारे दहा किलोमीटरचा उतार आहे.

शरदातल्या उतारावर भरवसा ठेवायचा नाही तो सावलीतल्या वळणांवर. दुपारी बारालाही झाडीतल्या वळणात रस्ता ओला असतो, त्यावर बीचची पानं थरावर थर चिकटलेली असतात, आणि खालचं डांबर दिसत नाही. सगळा ब्रेक वळणाच्या आधी, सायकल सरळ असताना लावा. वळणात शिरल्यावर ब्रेक सोडलेला असावा. हात हँडलच्या खालच्या वळणावर, बाहेरचा पाय खाली, नजर वळणाच्या शेवटाकडे. पानांचा थर टाळता येत नसेल तर त्यावर ना ब्रेक, ना पेडल, ना कलणं; सरळ रेषेत पार व्हा. ब्रेक सतत घासत ठेवण्यापेक्षा थोडा वेळ जोरात लावून सोडणं चांगलं. बोटं बधिर होऊ लागली तर थांबा, काखेत धरून ऊब द्या, मग पुढे चला. यात कमीपणा काही नाही. बधिर बोटांना ब्रेकचा अंदाज येत नाही.

ऑर्बेच्या खाली रस्ता डी ४१५ ला मिळतो. तिथे ट्रक असतात. तेवढा तुकडा एकामागे एक, उजव्या कडेने, न रेंगाळता पार करा. दहाएक किलोमीटरमध्ये काइझर्सबर्ग येतं आणि हवा बदलते. इतका वेळ ओली पानं आणि शेवाळ यांचा वास होता. आता आंबणाऱ्या द्राक्षांचा येतो.

हा बदल डोंगरानेच घडवलेला आहे. पश्चिमेकडून येणारे ढग व्होजवर चढतात आणि तिकडच्या बाजूला, माथ्यावर मोकळे होतात. माथ्याच्या सर्वांत ओल्या भागात वर्षाला २,००० मिमीच्या वर पाऊस पडतो, आणि कोल्मारला जेमतेम ६०० मिमी. फ्रान्समधल्या कोरड्या शहरांत त्याची गणना होते. या पर्जन्यछायेमुळे इथलं शरद लांब, कोरडं आणि उन्हाचं असतं, आणि द्राक्षं वेलीवर सावकाश पिकू शकतात. शिवाय ऱ्हाइनची खचदरी तयार होताना पायथ्याशी जमिनीचे तुकडे तुकडे झाले, म्हणून काही शे मीटरवर माती बदलते. काइझर्सबर्गजवळचा श्लोसबर्गचा उतार ग्रॅनाइटचा. तो १९७५ मध्ये आल्सासमधला पहिला ग्राँ क्र्यू, म्हणजे सर्वोच्च दर्जाचा मळा, ठरला, आज अशा ५१ जागा आहेत. रिक्वीरच्या वरचा शोएननबुर्ग चुनखडीयुक्त चिकणमातीचा. दोन्हीकडची रीस्लिंग ही पांढरी वाइन शेजारी ठेवून चाखली तर जमिनीतला फरक जिभेला कळतो. घाट आधी चढून आलेल्या माणसाला हे पुस्तकातून शिकावं लागत नाही. सकाळी त्याने तीच ओल अंगावर घेतलेली असते.

जेवण काइझर्सबर्गला, दोनच्या आत. स्वयंपाकघरं दुपारी लवकर बंद होतात. डोंगरातल्या फेर्म-ओबेर्जमधलं, म्हणजे शेतघरातल्या खानावळीतलं, भरपेट जेवण कितीही नावाजलेलं असलं तरी सायकलच्या मधोमध ते घेऊ नका, नंतर पाय उचलत नाहीत. इथे फ्लामक्युश घ्या: पातळ पोळी, वर साय आणि कांदा. नेहमीच्या फ्लामक्युशवर डुकराच्या मांसाचे तुकडे असतात, त्यामुळे शाकाहारी असाल तर मागवतानाच त्याशिवाय द्या म्हणून सांगा.

पुढचा भाग मळ्यांमधून जाणाऱ्या सायकलमार्गाचा. चढ लहान पण तिखट आहेत. तोडणीचा मोठा भाग तोवर उरकलेला असतो, उशिरा तोडायची द्राक्षं काही ओळींवर अजून लटकलेली दिसतात. ट्रॅक्टर अचानक रस्त्यावर येतात, चाकांची माती आणि सांडलेली द्राक्षं वळणांवर पडलेली असतात. हा त्यांच्या कामाचा हंगाम आहे, वाट त्यांना द्या. मळ्यांतल्या काही वाटा या काळात बंद असतात, फलक पाळा. आणि ओळीतलं एकही द्राक्ष तोडू नका.

बेनव्हीर, मिटेलव्हीर या गावांतली घरं नवी दिसली तर नवल वाटू देऊ नका. १९४४-४५ च्या हिवाळ्यात कोल्मारभोवतीच्या लढाईत ही गावं जवळजवळ भुईसपाट झाली. अगदी शेजारचं रिक्वीर वाचलं, म्हणून तिथली सोळाव्या शतकातली लाकडी चौकटींची घरं आजही उभी आहेत. रिक्वीरमध्ये सायकलवरून उतरा आणि ढकलत न्या, गर्दी असते आणि दगडी उतार घसरडा असतो.

वाइनबद्दल स्पष्ट सांगतो. फ्रान्समध्ये रक्तातल्या मद्याची ०.५ ग्रॅम प्रति लिटर ही मर्यादा सायकलस्वारालाही लागू आहे. त्याहून महत्त्वाचं, दमलेल्या आणि पाणी कमी पडलेल्या शरीरावर एक पेलाही लवकर चढतो. तळघरात चाखायला बसलात तर थुंकायचं भांडं मागा. तिथे त्यात अपमान नाही, जाणकार तेच करतात. निवांत पेला घ्यायचा तो कोल्मारला सायकल परत दिल्यावर. घाटानंतर सुगंधी गेवुर्त्सट्रामिनर वाइनपेक्षा कोरडी, म्हणजे गोड नसलेली, रीस्लिंग जास्त भावते असं माझं मत.

आता पावसाच्या दिवसाचं. माथा ढगात असेल, वारा पश्चिमेचा असेल, तर श्लुख्तचा विचार सोडा. कोल्मारहून एगिसहाइम, परत उत्तरेला रिक्वीर, युनाव्हीर, रिबोव्हिले अशी पन्नास-साठ किलोमीटरची फेरी पायथ्याने करा. माथ्यावर पाऊस असताना इथे कोरडं असण्याची शक्यता बरीच असते. आल्सासचा वाइन मार्ग १९५३ पासून आखलेला आहे, मार्लनहाइम ते थान असा १७० किलोमीटर, आणि त्याचा हा तुकडा सर्वांत देखणा. हवा अधलीमधली असेल तर मुन्स्टरहून श्लुख्तऐवजी ल लँजच्या बाजूने चढून वेटस्टाइन खिंडीतून ऑर्बेला उतरता येतं. उंची हजार मीटरच्या आत राहते. ल लँजला १९१५ च्या लढाईतले खंदक जपून ठेवले आहेत, ते पाहायला अर्धा तास ठेवा. आणि मुन्स्टरलाच पाय जड वाटले तर तिथून कोल्मारला गाडी आहे. श्लुख्तला साडेबारानंतर पोचलात तर काल्व्हेरचा नाद सोडून त्याच रस्त्याने मुन्स्टरला उतरा. ओळखीचा उतार, रुंद वळणं, खाली स्टेशन. आणि उरलेल्या उजेडात टुर्कहाइमचे मळे तरी पाहून होतील. अडचण आली तर ११२ हा क्रमांक. माथ्यावर मोबाइलची रेंज सगळीकडे मिळत नाही, त्यामुळे नकाशा आधीच उतरवून घ्या.